जितकं लाल, तितकं हिरवं

हळर्ण, रविवार संध्याकाळ, जानेवारी १९८८

प्रशिक्षणातून आणलेलं उपग्रहाचं चित्र आज आईला दाखवलं. आमचं हळर्ण त्यात लालभडक. ती घाबरलीच. "सगळें खाणीन खाल्लें गो?"

खाणींच्या साखळी गावाकडे वाढलेली ती. तिला लाल म्हणजे खाणीची मातीच! मी हसत समजावलं, या चित्रात झाडं लाल दिसतात. जितकं लाल, तितकं हिरवं. तिचा जीव भांड्यात पडला. मग विचारलंन, "आनी म्हजें कुळार?"

तिच्या माहेरावर लाल नव्हतंच. नुसतं राखाडी. मी जागा दाखवली. तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "हांगा आमचो आंबो आसलो."

ती दिवा लावायला उठली, तेव्हा मी लाल पेन्सिलीने त्या गेलेल्या आंब्याच्या जागी एक ठिपका दिला. शास्त्रज्ञाने असं करायचं नसतं. माहीत आहे मला.