डाव्या हाताचा दोरा

८ मार्च, रविवार
पुन्हा तेच! सकाळी गार इंजिनावर मोटरसायकल माळावर सुसाट. ऊन चढलं, इंजिन तापलं आणि चढावर नुसता आवाज. गाडी जागची हलेना! सावलीत गार केली, की पुन्हा शहाण्यासारखी चालू. ढकलतच आळेफाट्याला आले. आमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मामंजी म्हणाले, सूनबाई, तुम्ही गाडी चालवता का गाडी तुम्हाला? सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

संध्याकाळी जेवताना मात्र गंभीर झाले. लोणीच्या यात्रेत बैलगाडे पळून झाले, की शर्यतीच्या त्याच चढावर, घाटात, यंदा मोटरसायकली चढवणार आहेत. मी नाव दिलंय. "लोणीत बंद पडली तर गाडी विकायची. दहा गावांत आपलं दुकान माहितीय." पिंटू, म्हणजे माझे पतिदेव, ताटात बघत राहिले. शूरवीर! सासूबाई भाकरी वाढत राहिल्या. त्या कधी बोलतात?

नाही विकू देणार. लग्नाआधीच्या नोकरीच्या पगारातून घेतलेली माझी पहिली आणि एकुलती एक चैन आहे ती.

१० मार्च, मंगळवार
बहिरूच्या गॅरेजात. ट्रॅक्टर डोळे झाकून खोलतो, पण माझ्या गाडीच्या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचकडे जरा लांबूनच बघतो. "प्लेटा गेल्यात ताई." नव्या टाकल्या.

१४ मार्च, शनिवार
गार – झकास. गरम – घसरली. प्लेटा बिचाऱ्या निर्दोष होत्या!

१७ मार्च, मंगळवार
बहिरूचं नवं निदान : नळीत हवा शिरली. जुनं तेल काढलं, नवं भरलं, बुडबुडे संपेपर्यंत लिव्हर दाबून दाबून माझा पंजा दुखला. दुपारभर मस्त चालली. आनंदात गॅरेजात सगळ्यांना जिलेबी वाटली. परत येताना चढावर घसरली. जिलेबी वाया!

२२ मार्च, रविवार
सापडलं! सापडलं! सापडलं!

विचार असा केला. लिव्हर दाबली की तेल पुढे जातं, सोडली की हँडलवरच्या डबीत परत येतं. समजा, परतच येत नसेल? मग तापून फुगलेल्या तेलाला जायला जागा नाही. ते क्लच अर्धवट दाबून धरणार, म्हणजे माझी बोटं लिव्हरवरून निघालीच नाहीत असं होणार. बहिरूला घेऊन माळावर गेले. चढावर घसरली, तसा तेलाच्या नळीच्या खालच्या टोकाचा स्क्रू किंचित सैल केला. तेलाची पिचकारी उडाली थेट बहिरूच्या शर्टावर! आणि गाडी लगेच ओढायला लागली. "तेल अडकून पडलं व्हतं राव," तो शर्ट विसरून म्हणाला.

म्हणजे लिव्हर पुरती मागे येत नव्हती. तिच्या मुळाशी असलेलं रबर सरकवलं, तर आत दोरा! पूजेची नाडाछडी! तेल-धूळ खाऊन काळी पडलेली, घट्ट वेढे मारलेली. आमच्या घरात सासूबाईंशिवाय दुसरं कोण बांधणार? नव्या तराजूलाही आधी नाडाछडी, मग माप.

सासूबाईंना विचारलं. जरा लाजल्या. पुरुषांनी चिडवू नये म्हणून रबराखाली लपवली होती. "गाडी तुझी. लग्न झालेल्या बाईला डाव्या हाताला बांधत्यात. मग डाव्या दांडीलाच बांधणार ना?" मी कात्री घेतली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. स्वतः नखांनी गाठ सोडवली. नवी नाडाछडी दिव्याखालच्या दांड्याला बांधली. लिव्हर गव्हाच्या दाण्याइतकी आणखी मागे आली. तेवढ्यासाठी हा सगळा तमाशा!

माझ्यासाठी गुपचूप दोरा बांधणारं माणूस या घरात आहे. दिवसभर हेच मनात येतंय.

४ एप्रिल, शनिवार
लोणी. रणरणतं ऊन, इंजिन भट्टी, घाटाच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. एकदाही घसरली नाही! माइकवाला ओरडत होता, "आळेफाट्याच्या वहिनी आल्या, बाजूला व्हा पावणं!" नंबर नाही आला. वर पोचले, बस्स. हसून हसून गाल दुखतायत.

५ एप्रिल, रविवार
मामंजी म्हणाले, "झाली ना हौस? आता नाव झालंय तेव्हाच विकू. मंचरहून एक जण मंगळवारी बघायला येतोय." शब्द फिरवला! पिंटू पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलला, पण काही उपयोग झाला नाही. खूप रडले.

७ एप्रिल, मंगळवार
सकाळी गाडीचा आवाज. वाटलं, मंचरचं गिऱ्हाईक आलं. खाली धावले. दुकानामागच्या पटांगणात सासूबाई – ओट्यावरून गाडीवर चढलेल्या, पदर खोचलेला! क्लच इतका अलगद सोडला की मी बघतच राहिले. लग्नाआधी वडिलांची राजदूत चालवायच्या म्हणे.

मामंजी चहाचा कप धरून उभे. "इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी?"

"तुमी कधी इचारलं?" म्हणाल्या. "आणि त्या मंचरवाल्याला येऊ नको म्हणा." पुढच्या फेरीला निघाल्यासुद्धा.