न बांधलेली ताडपत्री

वहिनी,

दादा दवाखान्यात असताना मी त्याच्या गाडीला नवी काच बसवून आणली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाऊजी, तुम्ही होता म्हणून निभावलं." मला तुमच्याकडे बघवलं नाही.

खाणीच्या फाटकावरून खडीचे ट्रक मीच सोडतो. ताडपत्री बांधलेली बघूनच पासावर सही करायची, असा नियम आहे. पण रांग वाढते, म्हणून मी सकाळीच सगळ्या पासांवर सह्या करून ठेवतो आणि ड्रायव्हर पुढच्या वळणावर ताडपत्री बांधतात. त्या दिवशी रांगही नव्हती, तरी ताडपत्री न बांधताच निघालेला एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, खडीला काय पंख फुटणार आहेत?" मीही हसलो. अर्ध्या तासाने त्यातलाच एक दगड काच फोडून दादाच्या कपाळावर बसला.

ट्रक कुठला असेल, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "रस्त्यावर शेकडो ट्रक असतात." पण त्या रस्त्याला खाण आमची एकच आहे, आणि त्या तासात मी एकच ट्रक सोडला होता.

हे पत्र मी टाकणार नाही. हे तोंडानेच सांगायला हवं. उद्या सकाळी येतो. आल्या आल्या चहा टाकू नका. आधी ऐकून घ्या.

अजून तरी तुमचा,
धाकटा दीर