वर न गेलेला हात

बाई,

तुम्हाला पोहता येत नव्हतं. हे मी तुमच्यादेखत एकदा चारचौघांत ओरडून सांगितलं, आणि तुम्ही गेल्यानंतर किती वेळा कौतुकाने सांगितलं त्याची गणती नाही. दोन्ही वेळा सोय माझीच होती. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली. पत्र लिहायची ही काही वेळ नव्हे, पण गेल्या रविवारपासून मला जेवण गोड लागत नाही, आणि जे बोलायचं आहे ते पनवेलमध्ये दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही.

तुम्ही शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून आलात तेव्हा आम्ही पोरं तलावात म्हशींच्या बरोबरीने डुंबत होतो. तुम्ही काठावर पदर खोचून उभ्या राहायचात आणि म्हणायचात, "हे पोहणं नाही, ही मारामारी आहे." मग कुठून तरी ब्रेस्टस्ट्रोकचं एक चित्रांचं पुस्तक पैदा केलंत आणि वर्गातल्या बाकांवर आम्हाला पालथं झोपवून पाय मारायला शिकवलंत. "पावलं बाहेर वळव, बदकासारखी! आता लाथ. आता गप्प पडून राहा, पाणी तुला नेईल." बाकावर कुठलं आलंय पाणी, म्हणून आम्ही हसायचो. तुम्हीही हसायचात. मला पाण्याखाली श्वास सोडायची भीती वाटते हे कळल्यावर तुम्ही मला घरी घेऊन गेलात. तुमचं ते अरुंद स्वयंपाकघर, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी, ओट्यावर पाण्याने भरलेली परात. आधी तुम्ही स्वतः चष्मा काढून परातीत तोंड घालता, बुडबुडे काढता, कुंकू ओघळून नाकावर येतं, आणि म्हणता, "बघ, मेले का मी? आता तू." माझं झालं की परात धुऊन त्यातच कणीक मळायची आणि मला गरम पोळी. माझ्या घरी माझ्या भीतीची इतकी दखल कुणी घेतली नव्हती.

मग ती जिल्ह्याची स्पर्धा. पंच कमी पडले म्हणून तुम्हालाच वळणाच्या भिंतीशी उभं केलं, आणि नेमकी माझीच लेन तुमच्या वाट्याला आली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना आणि संपवताना दोन्ही हात भिंतीला एकदम लागले पाहिजेत, हे आमच्याकडून तुम्हीच घोकून घेतलेलं. मी पहिला आलो, मागे वळून बघितलं, तर तुमचा हात वर. वळताना माझा उजवा हात मागून लागला होता. मी बाद. पाण्याबाहेरही न येता मी ओरडलो, "हिला स्वतःला पोहता येत नाही, ही काय बघणार!" तुम्हाला मी "हिला" म्हणालो, बाई. बाकीचे पंच हसले, दुसऱ्या शाळांची पोरं हसली. मुख्य पंच तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुमचा हात काही खाली आला नाही. परतीच्या एसटीत तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात तेव्हा मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही डबा उघडलात, अर्धी पोळी माझ्या हातात ठेवलीत आणि खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मी बघितलं ते बघितलं. तुला आवडेल असं बघायला मला जमत नाही रे." मी पोळी खाल्ली, माफी मागितली नाही. पुढे तुमच्या घराकडे फिरकलोही नाही. तुमच्या आजारपणाचं कानावर आलं तेव्हा "येत्या रविवारी जातो" म्हणत तीन रविवार घालवले, आणि चौथा आलाच नाही.

आता मी खारघरच्या एका कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे आणि पोहण्याच्या स्पर्धांत पंच. हो, वळणाच्या भिंतीवरचाच. नव्या पंचांच्या शिबिरांत मला बोलावतात आणि मी तिथे तुमची गोष्ट सांगतो. पोहता न येणाऱ्या बाई, त्यांचा लाडका विद्यार्थी, आणि त्याच्याविरुद्ध वर गेलेला हात. "हिला" तेवढं मी गाळतो. त्या जागी "मी बाईंच्या पाया पडलो" असं घालतो. टाळ्या पडतात. एकदा एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मलाही खरंच वाटायला लागलं की मी पाया पडलो होतो.

यंदा आपल्याच देशात भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी माझी निवड झाली. पुरुषांच्या दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकची अंतिम शर्यत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, सहाव्या लेनमागे माझी खुर्ची, आणि त्या लेनमध्ये आपल्या पनवेलजवळच्या करंजाड्याचा पोरगा. पोरगा कसला, चोवीस वर्षांचा दांडगा गडी आहे, पण गावासाठी अजून पोरगाच. प्रेक्षक देशाच्या नावाने घसा फोडतायत. पन्नासला त्याचं वळण स्वच्छ. शंभरचं वळण पलीकडच्या टोकाला, ते माझ्याकडे नव्हतं. दीडशेला तो तिसऱ्या नंबरासाठी झगडत येतो, दमलेला, एक खांदा झुकलेला. मी वाकून बघतोय. डावा हात भिंतीला लागतो. मग उजवा. मधे एवढा वेळ गेला की मला मनातल्या मनात "अरे!" म्हणता आलं. तो वळून गेलासुद्धा, आणि माझा हात तसाच मांडीला चिकटलेला. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला, असा आमच्यात दंडक आहे आणि तो चांगला आहे. पण मला शंका नव्हती, बाई. कॅमेरे होते, पण तिथे आधी पंचाचा हात वर होणार आणि मग कॅमेरा बघणार, अशी पद्धत होती. देशप्रेम वगैरे काही नव्हतं हो. मला फक्त पनवेलचा बाजार दिसला, आणि लोक बोट दाखवतायत की हाच तो, ज्याने आपल्या पोराचं पदक घालवलं. मी घाबरलो. पन्नाशी उलटलेला माणूस, कडक इस्त्रीच्या कपड्यांत उभा राहून घाबरलो.

त्याला ब्राँझ मिळालं. चौथा आलेला मुलगा कुठल्याशा छोट्या, लांबच्या देशाचा होता. निघण्याआधी पोहणारे पंचांशी हात मिळवतात, तशी रीत आहे. त्याने माझाही हात हातात घेतला. त्याचा हात गार आणि ओला होता. "थँक यू, सर," तो म्हणाला. मी मान हलवली. संध्याकाळी मी त्याच हाताने जेवलो, आणि व्यवस्थित जेवलो, हेही सांगून टाकतो.

पनवेलला सत्कार झाला. हायवेच्या कडेला फ्लेक्स लागले, त्यांवर त्याच्या शेजारी माझाही फोटो. शाल, नारळ, भाषणं. त्याचे वडील मिठागरात राबलेले. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. "सर, आमी टीव्हीवर बघत व्हतो. हिला म्हटलं, काय काळजी नाय, आपले सर हाईत तितं, पोराकडं नीट बघतील." त्यांच्या मनात काहीसुद्धा वाकडं नव्हतं. मी "हो, हो" म्हणत माझे हात सोडवून घेतले आणि गर्दीत शिरलो.

गेल्या रविवारी सकाळी तो कॉलेजच्या पूलवर आला. इकडचं तिकडचं बोलला, खांद्यावरचा टॉवेल काढून या हातातून त्या हातात केला, आणि मग म्हणाला, "सर, एक विचारू? दीडशेच्या टर्नला माझा टच बरोबर होता ना? व्हिडिओत तो अँगलच नाहीये. मला सारखं वाटतं, लेफ्ट आधी लागला."

बघा बाई. बोलायची वेळ त्याने आपणहून माझ्यापुढे आणून ठेवली होती. मी खरं सांगितलं असतं तर पुढे काय करायचं ते त्याचं त्याने ठरवलं असतं. पदक परत केलं असतं, नाहीतर नसतं केलं, पण निदान त्याला रात्रंदिवस स्वतःवर शंका घेत बसावं लागलं नसतं. मी हसलो. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "वेडा आहेस का? तसं असतं तर मी हात वर केला नसता?"

"तेच म्हटलं मी," तो म्हणाला. "सर तर त्या बाईंचे स्टुडंट." तुमची गोष्ट त्याच्यापर्यंतही पोचली होती, पाया पडण्यासकट. त्याचा चेहरा काही मोकळा झाला नाही. तो पाण्यात उतरला आणि अर्धा तास नुसती भिंत शिवत राहिला. पाच-सहा हात मागे जायचं, यायचं, दोन्ही हात एकदम टेकवायचे. परत मागे जायचं. मला काठावर बसवेना. गाडी काढली आणि काही काम नसताना कर्नाळ्यापर्यंत जाऊन आलो.

हे पत्र टाकायचा प्रश्न नाही, तुमचा पत्ता कुठला. पण एक कबूल करतो. ही वही उघडली तेव्हा मी तुम्हाला लिहायला बसलो नव्हतो. वर त्याचं नाव घातलं होतं, "तुझी शंका खरी होती" इतकं लिहिलंही होतं. मग ते पान फाडलं आणि नव्या पानावर "बाई" असं लिहिलं. करंजाडे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. तुम्ही फार लांब आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं.