काकांचे घेणेकरी आणि मागे पडणारं घड्याळ

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? उत्तर बंद पाकिटातून पाठव. तुझं मागचं कार्ड माझ्याआधी सगळ्या जिन्याने वाचलं असावं, कारण खालच्या मजल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते.

काकांच्या मागचं सगळं निस्तरणं माझ्या गळ्यात पडलंय. वकीलसाहेब म्हणाले, वाटणीआधी पेपरात सूचना द्या, काकांकडून कोणाचं काही येणं असेल तर पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावं. म्हणजे लबाडांना घरबसल्या आवतणच. (पेपरवाले शब्दांवर पैसे घेतात आणि त्यात वकिलांचाही वाटा असावा, म्हणून त्यांनी मजकूर मुद्दाम लांबवला असा मला संशय. मी चार शब्द कापले. त्यात काकांचं नाव गेलं. सूचना पुन्हा द्यावी लागली.)

पहिला आला चप्पल शिवणारा. काकांच्या चपलांना नवे तळवे लावल्याचे पैसे राहिले म्हणे. मी उलटतपासणी घेतली, कुठल्या पायाचा तळवा आधी झिजायचा? डाव्या, बाहेरच्या अंगाने, तो म्हणाला. ताई, काकांचं ते कलून चालणं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटलं. पैसे दिले, पण चपला उलट्या करून बघितल्यावरच.

मग आला घड्याळवाला. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची सहा वर्षांची दुरुस्ती. हा मात्र माझ्या तावडीत सापडला, कारण ते घड्याळ आजही अर्धा तास मागे आहे, हे मी रेडिओशी ताडून पाहिलं होतं. तसं सुनावल्यावर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मागे ठेवायचेच पैसे आहेत. काका म्हणायचे, पुतण्या रविवारी पाचला येतो सांगून साडेपाचला येतो, घड्याळाकडे बघून ओशाळतो आणि लगेच उठतो. घड्याळ मागे असलं की निवांत बसतो."

मी पुरावा मागितला. त्याने चिठ्ठी काढली. अक्षर काकांचंच (तीन जुन्या पत्रांशी जुळवलं). "यंदाही अर्धा तास मागे. त्याला कळू देऊ नका."

सहा वर्षं मी दर रविवारी त्या घड्याळावर माझं मनगटी घड्याळ लावून घेत होतो आणि सोमवारी ऑफिसात उशिराची खूण पडली की हजेरीच्या कारकुनावर डूख धरत होतो. आता त्याच्याशी काय बोलावं ते कळत नाही.

बाकी ठीक. भाच्यांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वाटणीच्या यादीत तू घड्याळावर खूण केलीस. कपाट ने, पलंग ने, शिलाई मशीन ने. घड्याळ मला दे. चिठ्ठी सोबत जोडणार होतो, पण तू परत करशील याची खात्री वाटेना.

ता. क. दुसरा. याबद्दल बोलायला रविवारी पाचला काकांच्या घरी ये. तुला नेहमी तासभर उशीर होतो, म्हणून घड्याळवाल्याकडून घड्याळ पुरतं एक तास मागे करून घेतलंय. निवांत बस. त्याचे निम्मे पैसे तुझ्याकडे लागतात. पावती घेतली आहे.