खाडीच्या घरातली कोरडी सून

२३ डिसेंबर २००८, मालवण

पोचलो एकदाचे! अंजूरहून पहाटे निघालो ते दिवेलागणीला इथे. वाटभर मनोजचं एकच — पाण्याखाली जाऊन पोवळी बघायची. मी म्हटलं, मीपण जाणार. हसला. "तू दिघाशीची. भातलावणीच्या चिखलात पाय बुडवलेस तेवढेच!"

लग्नाला सहा वर्षं झाली, तरी अंजूरच्या खाडीकाठच्या घरात मी कोरडीच. जावा चिंबोऱ्या धरायला चिखलात उतरतात. मला सासूबाई टोपली देऊन काठावर उभं करतात. रागच येतो. म्हणजे या घरातली मी नाहीच का? बुडी मारणार म्हणजे मारणार.

२४ डिसेंबर

वारा फार. होडी सोडली नाही. सुरमई खाल्ली, झोपले. छान!

२५ डिसेंबर

गेले! खाली गेले!

आधी कमरेएवढ्या पाण्यात सराव. शिकवणारे रामनाथ म्हणाले, तोंडातल्या नळीने श्वास घेत राहायचं, रोखायचा मात्र अजिबात नाही. मला पोहताच येत नाही, म्हणून सांगितलं तसं केलं. आणि मनोज — जन्म खाडीत बुड्या मारण्यात गेलेला — डोकं पाण्यात गेलं की त्याचा श्वास आपोआप बंद! नळी तोंडात, श्वास छातीत कोंडलेला. पुन्हा पुन्हा लालबुंद होऊन वर. शेवटी रामनाथ म्हणाले, लहानपणची सवय आहे, एका दिवसात जायची नाही, तुम्ही होडीत बसा. मला हसू आवरेना. मग त्याचा चेहरा बघून वाईट वाटलं.

रामनाथ माझा हात धरून घेऊन गेले. कानात दडे बसले. नाक चिमटीत धरून फुंकलं तसे सुटले. आणि पोवळी! फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी, काही जांभळी, काही पिवळट. पट्ट्यापट्ट्यांचे मासे बोटांजवळून जात होते, जराही न बिचकता. मी आजवर मासे टोपलीतच बघितलेले. वरून हिरवा उजेड येत होता. इतकं सुख आधी कधी झालं नव्हतं — लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

वर आले तर मनोजनेच हात दिला, पाठीवरची हवेची टाकी उतरवली. जेवताना म्हणाला, घरी काय सांगणार? म्हटलं, ते तूच ठरव.

२७ डिसेंबर, अंजूर

सांगितलं त्याने! चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. "मी होडीत बसलेलो. विनिता गेली खाली." जावांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तोही हसला. काय आवडला मला तेव्हा!

सासूबाई तेवढ्या उठून आत गेल्या. त्यांना काही माझं कौतुक वाटलेलं दिसत नाही.

२८ डिसेंबर

सकाळी मासळी साफ करत होतो, आम्ही दोघीच. माझ्याकडे न बघता सासूबाईंनी विचारलं, "खाली कालोख असतो का गो?"

मनोज पाळण्यात असताना सासरे होडीसकट खाडीत गेले. सापडले नाहीत. या घरात त्यांचा विषय निघत नाही.

"नाही आई. उजेड असतो खाली."

कोयता थांबला होता. मग पुन्हा चालू झाला.

खाडीच्या गढूळ पाण्याचं मी बोललेच नाही.