वीस माथ्यांची सवलत

धुळे, दि. ३ एप्रिल १९९५

तीर्थरूप भाऊंस,

लोटनचा साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. आईचे गुडघे दुखतात, पण आता तीच ते खुशालीत मोजते.

पत्र दुकानाच्या बिलबुकावर लिहितो आहे. वर 'मोटार रिवायंडिंग व पंप दुरुस्ती' छापलं आहे, त्याचा काही अर्थ लावू नका. खाली कार्बनही घातला आहे, तो सवयीनं. सोळा वर्षांत मी कार्बनशिवाय ओळ लिहिली नाही, म्हणून आजवर एकही गिऱ्हाईक 'तुम्ही असं म्हणालाच नव्हता' म्हणू शकलं नाही.

चार वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका. काम निव्वळ व्यवहाराचं आहे.

मुंबईला खाडीपलीकडे पाळण्यांचं मोठं उद्यान झालं आहे, हे तुमच्या पोरांनी तुमच्या कानावर घातलं असेलच. आमच्या हर्षलनं तर माझे कान किटवले. मोटार नुसती गुणगुणली तरी कोणती कॉइल जळाली हे ओळखणारा माणूस मी, पण घरात 'पपा, कधी?' याशिवाय दुसरं काही ऐकूच येईना. शेवटी स्टँडजवळच्या रतिलालशेठच्या ट्रॅव्हल्समध्ये गेलो. त्यानं रंगीत कागद दिला आणि दर सांगितला. दर ऐकून मी कागद परत दिला. निघालो, तेवढ्यात तो कोपऱ्यातल्या गिऱ्हाईकाला हळूच म्हणाला, "वीस माथी असतील तर बात वेगळी." मी दारातूनच मागे फिरलो. वीस माणसांच्या गटाला तिकिटात मोठी सवलत आहे, भाऊ. एकोणीस असली तर मात्र पूर्ण पैसे.

माथी मोजली. आम्ही पाच. दोंडाईच्याची आपली धुरपदा, मेव्हणे भिकनराव आणि त्यांची तिघं मिळून पाच. मेटॅडोर शिरपूरच्या धनसिंगची. तिचा डायनामो माझ्या हातचा आहे, त्यामुळे तो नुसत्या डिझेलवर यायला तयार झाला, पण बायको आणि पोरगी घेऊन, म्हणजे ते तीन. आई धरून झाले चौदा. तुम्ही घरचे किती, ते मी तुम्हाला काय सांगू? सहा!

म्हणून लिहितो आहे. तुमच्यावाचून अडलं आहे असं समजू नका. आकड्यावाचून अडलं आहे.

मुक्काम भिकनरावांच्या मावसभावाच्या घाटकोपरच्या खोलीत. खोली दहा बाय बारा. भिकनराव म्हणतात, "सगळ्यांनी एकाच कुशीवर झोपायचं, आणि मी टाळी वाजवली की सगळ्यांनी मिळून कूस बदलायची." खाण्याचा खर्च शून्य. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा इथूनच. भिकनरावांची आणखी एक शंका होती, ती रतिलालशेठला विचारायला मला लाज वाटली. पाळण्यात न बसता नुसतं खाली उभं राहून ओरडणाऱ्याला अर्धं तिकीट असतं का?

आईला तो रंगीत कागद दाखवला. त्यात माणसं उलटी लटकलेली आहेत. ती म्हणाली, "पैसा दिसन उलटं टांगी लेवानं?" पैसे देऊन वर उलटं टांगून घ्यायचं, हे तिला पटेना. पण कागद तिनं उशीखाली ठेवला आहे.

एक काम करा. साडेचार फुटांच्या आतल्या पोरांना अर्धं तिकीट आहे. तुमच्या चौघांची उंची भिंतीला उभं करून मोजा आणि कळवा. चप्पल काढून, तेल लावून केस चापून. चार वर्षांत कोण किती वाढलं, मला अंदाज नाही. नूतन मला अजून पंपाच्या पाइपाएवढीच दिसते.

मंगळवार, १६ मे. त्या दिवशी गर्दी कमी असते. तुम्ही आदल्या दिवशी धुळ्याला यायचं.

जुन्या गोष्टीचा या सहलीशी काही संबंध नाही.

आपला,
लोटन


धुळे, दि. १८ एप्रिल १९९५

तीर्थरूप भाऊंस,

साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. 'पत्र पोचले. रजा नाही. मुलांच्या परीक्षा. कळावे.' एवढं मोठं कार्ड आणि त्यात सात शब्द. उरलेल्या जागेचे पैसे पोस्टाकडून परत मागा.

परीक्षा सोळा मेला? वरणगावात अशी कोणती शाळा निघाली, जी मे महिन्यात परीक्षा घेते? आणि रजेचं मला सांगू नका. तुमच्या फॅक्टरीतले बोरसे परवा पंप घेऊन आले होते. मी काही विचारलं नाही. मी फक्त बेअरिंग काढत बसलो आणि ते बोलत बसले. पितांबरभाऊंची एवढी रजा शिल्लक आहे की रिटायर झाल्यावरही ते दोन महिने रजेवरच असतील, असं ऑफिसात म्हणतात म्हणे.

म्हणजे गोष्ट तीच आहे. ठीक आहे, काढतो मीच.

माझ्या घराच्या वास्तुशांतीला तुम्हाला आहेर केला. टॉवेल, टोपी, शर्टाचं कापड. तुम्ही पाटावर बसल्या बसल्या पुडी उघडली. बदामी रंगाचं, बारीक चौकडीचं कापड. आत चिठ्ठी, चिठ्ठीवर तुमचंच अक्षर. 'चि. लोटनला, दुकानासाठी आशीर्वाद.' बारा वर्षांपूर्वी माझ्या दुकानाच्या उद्घाटनाला तुम्ही दिलेलं कापड मी तुम्हालाच दिलं. सगळा मांडव बघत होता. वहिनी म्हणाल्या, "लोटनभाऊ, बारा वर्षांनी परत केलंत, निदान इस्त्री तरी करायची!" लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. कापड पाटावर ठेवलंत आणि न जेवता तीनच्या एसटीनं गेलात.

मी तेव्हाच सांगितलं होतं, आजही सांगतो. आहेराची ट्रंक बायकांच्या ताब्यात असते. आलेलं कापड एका घरातून दुसऱ्या घरात जातं, हे खान्देशात कोणाला ठाऊक नाही? ट्रंकेत पंधरा कापडं असतात, कोणाचं कुठलं हे आमच्या हिच्या, सुनंदाच्या, लक्षात राहिलं नाही. बाईमाणसाचा घोळ. तेवढ्यावरून सख्ख्या भावांनी चार वर्षं तोंड फिरवायचं?

आई येत नाही म्हणते. "पितांबर येई तं मी येसू. नहीतं माले तठे काय करनं शे?" म्हणजे तुम्ही सहा गेलात की आईही गेली. उरले तेरा. तेरा माणसांत सवलत मिळत नाही, नुसती भांडणं मिळतात.

उंची कळवा.

आपला,
लोटन


धुळे, दि. ४ मे १९९५

भाऊ,

हे पत्र वहीच्या कागदावर आहे. बिलबुक जप्त झालं आहे.

झालं असं की मागच्या पत्राची कार्बन कॉपी बुकात राहिली. सुनंदा दुकानात डबा घेऊन आली, गिऱ्हाईकाला पावती हवी होती, मी आत मोटारीत डोकं घातलेलं. ती म्हणाली, मी देते. बुक उघडलं, आणि 'बाईमाणसाचा घोळ' तिच्या समोर. माझ्या अक्षरात, तारखेसकट. सोळा वर्षं ज्या कार्बननं मला सगळ्यांपासून वाचवलं, त्यानंच धरून दिलं.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पावती फाडून गिऱ्हाईकाला देऊन आली आणि म्हणाली, "मांडवात बोललात, मी गप्प बसले. म्हटलं, माणूस घाबरलाय. आता चार वर्षांनी बसून, पेन हातात धरून, परत तेच? तुमच्या भावासाठी मी आणखी किती दिवस चिंधीचोर राहू? जा तुम्ही पाळण्यात. मी येत नाही."

म्हणजे तेरातलं आणखी एक माथं गेलं.

आणि आता दुसरी बातमी ऐक. परवा रतिलालशेठ स्वतः दुकानात आला. मेमध्ये मंगळवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून बारा माथ्यांनाही तीच सवलत झाली आहे. बारा! आम्ही, धुरपदा, धनसिंग, सुनंदा सोडूनही बरोबर बारा भरतात. भिकनराव नाचले. हर्षल नाचला. मी नाचलो नाही. तुला बोलवायला माझ्याकडे एकच कारण होतं, ते रतिलालशेठनं फुकटात काढून घेतलं.

म्हणून आता कारणाशिवाय लिहितो. सुनंदा समोर बसली आहे. पाकीट तीच चिकटवणार आहे, वाचून.

ट्रंकेतून ते कापड तिनं काढलं नव्हतं. ते ट्रंकेत नव्हतंच. ते माझ्या दुकानात, तांब्याच्या तारेच्या रिळांमागे पत्र्याच्या डब्यात होतं. बारा वर्षं. शिवलं नाही, कारण शिवलं असतं तर व्हार्निशचे डाग पडले असते. तुझ्या पहिल्या बोनसचं कापड. तेव्हा तुझ्या स्वतःच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, हे मी बघितलं होतं. दुकानात मंदी असली की डबा उघडून बघायचो आणि परत लावायचो.

वास्तुशांतीच्या सकाळी सुनंदानं तुझ्यासाठी काढलेलं कापड दाखवलं. कोणीतरी दिलेलं, पातळ, हात घातला तर पलीकडे हात दिसेल असं. मला लाज वाटली. सगळ्या घरात भारी कापड एकच होतं. मीच डबा आणला. सुनंदा म्हणाली, "अहो, हे भाऊंचंच आहे, राहू द्या." मी म्हटलं, माहीत आहे.

भाऊ, मला माहीत होतं. चिठ्ठीसकट माहीत होतं. माझ्या मनात असं होतं की तू पुडी उघडशील, ओळखशील आणि मांडवात मोठ्यानं म्हणशील, "लोट्या, अजून शिवलं नाही?" मग मी म्हणेन, तुझ्या आशीर्वादाचं दुकान अजून टिकलं, तसं कापडही टिकलं. एवढं बोलायचं होतं. पाठ केलं होतं. पण तुझा चेहरा पडला, वहिनी इस्त्रीचं बोलल्या, लोक हसले, आणि मी पाठ केलेलं विसरलो. तोंडात पहिलं नाव आलं ते सुनंदाचं. ती जवळ उभी होती, एवढाच तिचा गुन्हा.

हे चार वर्षांत लिहिता आलं असतं. दर दिवाळीला लिहायला बसलो. मोटार जळाली की मी गिऱ्हाईकाला तोंडावर सांगतो, चूक तुझी, तू पाणी नसताना पंप चालवलास. स्वतःचं सांगायची वेळ आली की माझा व्होल्टेज पडतो.

आणखी एक. एकोणतीस तारखेला दुपारी दुकानात फोन आला. मी 'हॅलो, हॅलो' म्हणत होतो, पलीकडे कोणी बोलेना. फॅक्टरीचा भोंगा वाजला. मग कोणीतरी दोनदा खाकरलं, एकदा लहान, एकदा मोठं. शाळेच्या रस्त्यावर मी मागे राहिलो की तू असाच खाकरायचास. फोन ठेवला गेला. एसटीडीचे पैसे भरून न बोलणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे. मी आईला सांगितलं. संध्याकाळी तिनं रंगीत कागद उशीखालून काढून मला विचारलं, "हाई उलटं व्हवानं किती वेळ ऱ्हास?"

(सुनंदा म्हणते, पत्र लांबलं. कापडाचं पुढचं लिही आणि संपव.)

तू पाटावर टाकून गेलास ते कापड परत डब्यात ठेवलं होतं. काल आमच्या टेलरकडे, झिपरूकडे नेलं. त्यानं माझ्या पोटाला टेप लावली, कापड बघितलं, परत पोट बघितलं. म्हणाला, "शेठ, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालीच आणायला पाहिजे होतं. आता फक्त हाफ बाहीचा निघेल, आणि खिसा नाही." मी म्हटलं, खिशाची गरज नाही, सहलीला चाललो आहे, आत ठेवायला काही उरणार नाही. सुनंदानं हे ऐकलं आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. तिनं झिपरूला सांगितलं, उरलेल्या चिंध्या फेकू नको, बटणांच्या मागे लाव. तुझ्या कापडातलं काही वाया जायला नको म्हणाली.

तिनं येण्याचं एका अटीवर कबूल केलं आहे. कुंदावहिनींनी तिला 'ये' म्हणायचं. मांडवात नाही, मेटॅडोरमध्ये म्हटलं तरी चालेल. हे पत्र वहिनींना वाचून दाखव. इस्त्रीच्या ओळीसकट.

गाडी सोळाला पहाटे निघेल. पंधराच्या संध्याकाळच्या गाड्यांना मी धुळे स्टँडवर उभा असेन. चाळीसगावच्या, जळगावच्या, सगळ्या. शर्ट बदामी, बारीक चौकडीचा, पोटावर ताणलेला, हाफ बाहीचा, बिनखिशाचा. ओळखायला अडचण येणार नाही.

बाराच्या सवलतीत मी वीस तिकिटं सांगून ठेवली आहेत. रतिलालशेठ म्हणाला, "आठ वाया गेली तर?" मी म्हटलं, माझ्या भावाच्या पोरांची उंची अजून आली नाही, तेवढंच बाकी आहे.

पोरांना भिंतीशी उभं करू नकोस. इथे आल्यावर मी मोजतो.

तुझ्याच कापडातला,
लोट्या