हत्ती एक घर मागे

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे आपापल्या एसटीला लागले, आणि तुमचा बुद्धिबळाचा पट अजून माझ्याच गळ्यात! जाताना तेवढा तरी आवरून जायचं होतं.

अहो,

प्रिय बिय लिहिणार नाही. चौथीही न झालेल्या बाईचं पत्र आहे, तसंच वाचा. तुमच्याशी डाव मांडणाऱ्या त्या पिंपळनेरच्या आबांनी आज डोकं खाल्लं, म्हणून बसले लिहायला.

तुम्ही गेलात त्या सकाळी सुनेनं तुमचा अर्धा राहिलेला डाव घाईत डब्यात भरला. तुम्हाला ठेवायला जागा नको? आबांनी आज तो न अडखळता पुन्हा मांडला. म्हणे, "नाना हरत होते, वहिनी." माणूस गेला, आता हारही त्याच्याच माथी!

तुम्हा खेळणाऱ्यांचं हे डाव लक्षात ठेवणं मला कधी कळलंच नाही. लेकीला आखाजीच्या सणाला आणायला रावेरला गेलात. येताना जळगावच्या स्टँडवर कुणाशी तरी डाव मांडलात आणि धुळ्याच्या गाडीत एकटेच बसलात! लेक तिकडे पिशव्या राखत बसलेली. आणि तुम्ही घरी येऊन आबांना तो डाव पहिल्या चालीपासून सांगताय!

चिडून मी एकदा मोहरे हाताला येतील तसे पटावर ठेवले, क्षणभर दाखवले, वर फडकं टाकलं. "सांगा आता!" दोन-चार सांगून अडलात. म्हणालात, "अगं, डावात मोहरे एकमेकांवर नजर ठेवून असतात, त्यावरून आठवतं. इथं कुणी कुणाकडे बघतच नाही."

मग घरात कोण कुणाकडे बघत होतं, ते नाही कधी दिसलं?

मी बघायची. हरत असलात की कान खाजवायचात, चहा गार करायचात. त्या शेवटच्या डावाला तर गरमच पिऊन दुसरा कप मागितलात! आबांना तेच सांगितलं. मग त्यांनी आपला हत्ती एक घर मागे सरकवला.

"चुकनू, वहिनी. मना हत्ती आठे व्हता. मीच हारस."

हत्ती इथंच होता, हरणारे आपणच, असं म्हणून धोतराच्या टोकानं डोळे पुसले. मी स्टोव्हला पंप मारायला उठले.

आता कंटाळा आलाय हो. तरी पट तसाच ठेवीन, धूळ बसली तरी मोहऱ्यांना हात लावू देणार नाही. पण आबा जाताना विचारून गेलेत, नानांची पुढची चाल काय होती? ते मला विचारायचं नाही. उत्तर तुम्हीच द्यायचं, आणि स्वप्नात यायचं तर आबांच्या जायचं. मला झोपू द्या.

तुमच्या नातवंडांची आजी,
वत्सला